हात बसवायचा काप

१

प्रयोगशाळेत त्यांना रेघसाहेब म्हणत. पाठीमागे म्हणत, पण ते त्यांना ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. अठ्ठावीस वर्षं ते रेघाच वाचत आले होते. फोडलेल्या कुलपावरच्या, कापलेल्या तारेवरच्या, उचकटलेल्या दारावरच्या. कोणत्या हत्याराने कोणती रेघ काढली हे ते सांगत आणि त्यांच्या एका वाक्यावर माणूस तुरुंगात जाई किंवा घरी जाई. एवढ्या वर्षांत त्यांचं म्हणणं एकदाही खोटं ठरलं नव्हतं.

हे त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही. बोलून दाखवायला समोर बरोबरीचं माणूस लागतं, आणि तसं त्यांना कोणी दिसलं नव्हतं. पोलीस म्हणजे त्यांच्या मते वर्दी घातलेले हमाल. वकील म्हणजे भाड्याने मिळणारा घसा. शिपाई फडकं मारतो म्हणजे इकडची धूळ तिकडे करतो, म्हणून आपली खुर्ची ते रोज सकाळी स्वतःच पुसत. आणि शेजारच्या टेबलावर बारा वर्षं बसणारी त्यांच्या हाताखालची बाई, तिच्याबद्दल ते म्हणत की बाईंची नजर चांगली आहे, फक्त नजरेमागे कोणी राहत नाही.

खुर्ची पुसून झाली की शेगडीवर शिशाची लोखंडी कढई चढायची. शिसं मऊ. हत्याराची धार त्यावरून ओढली तर धारेला काही होत नाही, पण धारेवरचा बारीकसा खाचखळगाही शिशावर रेघ होऊन उमटतो. संशयित हत्याराचे असे चाचणीचे काप काढायचे. मग जोड-मायक्रोस्कोपच्या एका नळीखाली गुन्ह्याच्या जागी सापडलेली वस्तू ठेवायची आणि दुसरीखाली आपला काप. डोळा लावला की उजेडाचा एक गोल दिसतो आणि त्याच्या मधोमध केसाएवढी काळी रेषा. डावीकडे गुन्हा, उजवीकडे हत्यार. रेघा त्या रेषेच्या आरपार सरळ गेल्या की संपलं.

प्रत्येक कापाला क्रमांक द्यायचा आणि तो जपून ठेवायचा, असा नियम होता. रेघसाहेब पहिल्या कापाला क्रमांक देत नसत. पहिल्या वेळी हात बसलेला नसतो, दाब कमीजास्त होतो. पहिला काप म्हणजे गाण्याआधीचं खाकरणं, ते कोणी लिहून ठेवतं का, असं ते विचारत आणि तो काप परत कढईत टाकत. सगळ्या प्रयोगशाळेत त्याला नावच पडलं होतं, हात बसवायचा काप.

२

एका यंत्रशाळेतून एक पाचर तपासणीला आली. तिथल्या भांडाराला आग लागली आणि भांडार सांभाळणारा माणूस आतच धुरात गुदमरून गेला. दाराला कुलूप नव्हतं. दाराच्या फटीत बाहेरून लोखंडाची पाचर ठोकलेली होती, चार बोटं लांब. पाचर नवी होती आणि तिच्या उतारावर शेपर मशीनच्या समांतर रेघा होत्या.

शेपर म्हणजे लोखंडाचा रंधाच म्हणा. पुढे टूल धरलेला त्याचा जाडजूड हात सावकाश पुढे जातो, लोखंडाची एक पट्टी खरवडतो आणि झटक्यात मागे येतो. खर्र, खट. पुन्हा खर्र, खट. त्या यंत्रशाळेत शेपर एक होता आणि शेपरवालाही एकच. आपलं टूल आपण घासायचं, दुसऱ्याच्या टूलला बोट लावायचं नाही, ही तिथली जुनी रीत. दुसऱ्याचं टूल वापरणं म्हणजे दुसऱ्याच्या ताटात जेवणं. त्यात शेपरवाल्याचं आणि भांडारवाल्याचं हातमोज्यांवरून आठवडाभर आधीच वाजलं होतं. पोलिसांना एवढं पुरलं.

टूल ताब्यात घ्यायला रेघसाहेब स्वतः गेले. शेपरवाला दोन पोलिसांच्या मधे उभा होता. पन्नाशीचा, ठेंगणा, वर्षानुवर्षं एकाच बाजूने उभं राहून उजवा खांदा खाली गेलेला. त्याने तेलकट फडक्यातून टूल काढून पुढे केलं, धारेला बोट लागू न देता.

"पाचर दाखवली मला यांनी," तो म्हणाला. "माझं टूल अशी रेघ काढत नाही, साहेब. डावीकडून तिसरी बघा तुम्ही."

रेघसाहेबांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. यंत्राला तेल घालणाऱ्याला वाटतं की यंत्र आपल्यामुळे चालतं, असं ते पोलिसाला म्हणाले. पोलीस हसला.

"यंत्र माझ्यामुळे नाही चालत," शेपरवाला म्हणाला. "पण धार मी लावलीय."

३

दुसऱ्या दिवशी त्यांनी पहिला काप काढला. एरवी तो न बघताच कढईत जायचा. त्या दिवशी मात्र त्यांनी तो सहज म्हणून मायक्रोस्कोपखाली ठेवला. सहज म्हणूनच, असं त्यांनी स्वतःला दोनदा सांगितलं.

रेघा जुळत होत्या. एकामागून एक काळ्या रेषेच्या पलीकडे जात होत्या, वाट माहीत असलेल्या मुंग्यांसारख्या. फक्त डावीकडून तिसऱ्या जागी पाचरीवर एक बारीक वरंबा उभा होता, आणि शिशावर त्या जागी काहीच नव्हतं.

बाई न विचारता उठून आल्या. त्यांनी गोलात पाहिलं, मग भिंगाखाली टूलची धार पाहिली. वरंबा कसा येतो हे दोघांनाही माहीत होतं. धारेचा जिथे टवका उडालेला असतो तिथलं लोखंड कापलं जात नाही, ते उभं राहतं. या धारेचा टवका कुठेही उडालेला नव्हता. आणि उडालेला टवका परत भरून येत नाही. धार नव्याने घासली असती तर बाकीच्या सगळ्या रेघाही बदलल्या असत्या.

"म्हणजे टवका अजून उडायचाय," बाई म्हणाल्या. "आणि पाचर तर महिनाभर पोलिसांच्या पाकिटात पडून आहे."

"बाई, ही प्रयोगशाळा आहे. भविष्य बघायचं असेल तर फुटपाथवर बसतात ते लोक."

त्यांनी काप उचलून कढईत टाकला. तो कडेला जरा अडकला, मग वाकला आणि नाहीसा झाला. बाई तो जाताना बघत राहिल्या. याला क्रमांक द्यायला हवा होता, असं त्या हळूच म्हणाल्या. साहेबांनी ते ऐकलं नाही, कारण ऐकण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटलं नाही. टूल पाकिटात घालून त्यांनी त्यावर लाख ओतली, आपला शिक्का दाबला आणि पाकीट पोलादी कपाटात ठेवलं. पाचरीचं पाकीट त्याच कपाटात वरच्या फळीवर होतं.

४

सकाळी शिक्का जसाच्या तसा होता. त्यांनी पाकीट फोडलं, टूल भिंगाखाली धरलं आणि ते तसेच थांबले.

टवका उडालेला होता. खसखशीच्या दाण्याएवढा, डावीकडून तिसऱ्या जागी.

दुसरा काप काढला. वरंबा. तिसरा काढला. वरंबा, स्वच्छ, रेषेच्या आरपार. त्यांनी दोन्हींना क्रमांक दिले आणि बाईंना हाक मारून दाखवले. हात बसला, एवढंच ते म्हणाले. काल नसलेली खोट आज कुठून आली, असं बाईंनी विचारलं. कालही होती, साहेब म्हणाले. उजेड बरोबर नव्हता. आणि काल बघणाऱ्यांत तुम्हीही होता.

बाई गेल्यावर त्यांनी रिकामं पाकीट टेबलावर उपडं केलं, आणि त्यातून लोखंडाचा कीस पडला. चिमूटभरच, गुंडाळी झालेला, चकचकीत, टोकाला निळसर. लोखंड कापताना तापलं की कीस असा निळा होतो. पण हे टूल काल फक्त शिशावरून गेलं होतं.

त्यांनी विचार केला, आणि विचार करणं हे त्यांचं कामच होतं. कीस टूलच्या पाठीमागे चिकटलेला असणार. धार हाताळताना पोलिसाने कुठेतरी आपटलेली असणार आणि टवका आधीपासून सैल असणार. प्रत्येक गोष्टीला कारण सापडलं. कारणं एकमेकांशेजारी ठेवली तर त्यांच्या रेघा जुळत नव्हत्या, पण त्यांनी ती शेजारी ठेवली नाहीत. कीस केराच्या टोपलीत झटकला, पाकिटाला नवं सील केलं.

दुसऱ्या दिवशी शिक्का शाबूत, आणि आत मूठभर कीस.

५

त्यांची बायको कपडे भिजवत होती. एकदम हात मागे घेऊन ती बाहेर आली. बोटातून रक्त येत होतं. दुसऱ्या हातात तिने तापल्यासारखी निळी, बारीक गुंडाळी धरली होती.

"तुमच्या शर्टाच्या खिशात होतं हे. आणखीही आहे बादलीत."

त्यांनी वर्तमानपत्रातून डोकं काढलं नाही. सुई असेल, म्हणाले. तुलाच सवय आहे कुठेही सुया टोचून ठेवायची.

"सुई मला कळते हो. तीस वर्षं शिवतेय मी. ही सुई नाही."

मग बोट तोंडात धरूनच तिने विचारलं की पेपरात आलंय तो पाचरीचा माणूस तुमच्याकडेच आहे ना, त्याला मुलंबाळं आहेत का. साहेब म्हणाले की आपल्याकडे माणूस नाही, टूल आहे, आणि टूलला मुलं नसतात. नळाखाली बोट धरून ती बराच वेळ उभी राहिली, आणि पाण्याचा आवाज थांबल्यावर साहेबांच्या लक्षात आलं की आपण मघापासून एकच ओळ वाचतो आहोत.

खिशात ते कधीच काही ठेवत नसत. खिसे बाजार करणाऱ्या माणसांसाठी असतात.

६

शेपरवाल्याची बायको रोज येऊन बाहेरच्या बाकावर बसू लागली. आत यायची तिला परवानगी नव्हती आणि तिने ती मागितलीही नाही. तिला खोकला होता. बाई तिला पाणी नेऊन देत. हे दवाखान्याचं दालन नाही, असं साहेबांनी एकदा सुनावलं. बाईंनी मान हलवली आणि दुसऱ्या दिवशीही पाणी नेलं.

एका दुपारी साहेब तिच्यासमोरून जात होते. ती उभी राहिली.

"नीट बघितलंत ना, साहेब? त्यांना जन्मठेप होईल म्हणतात."

"बघणं माझं काम आहे," ते चालता चालताच म्हणाले. "तुमचं काम घरी असेल, ते करा."

ती जेवणाची सुट्टी होती. प्रयोगशाळा रिकामी होती, दिवे बंद होते, खिडकीतून ऊन सरळ कपाटावर पडलं होतं. साहेबांनी डबा उघडला. तेवढ्यात त्यांना ऐकू आलं.

खर्र. खट.

गच्चीवरचा पंप असेल, त्यांना वाटलं. मग पाण्याचा नळ. मग खालच्या मजल्यावर कोणी टेबल ओढत असेल. पण ओढलेलं टेबल असं लयीत ओढलं जात नाही. सावकाश पुढे, झटक्यात मागे. ते उठले आणि कपाटाला कान लावला. पोलाद कोमट होतं. उन्हाने, ते म्हणाले. मोठ्याने म्हणाले. खोलीत दुसरं कोणी नव्हतं.

दार उघडलं तसा आवाज बंद झाला. दोन फळ्यांवर दोन पाकिटं, दोन शाबूत शिक्के, आणि यंत्रशाळेत येतो तसा जळक्या तेलाचा वास. दार लावलं. ते डब्यापर्यंत परत येतात तोच आवाज पुन्हा सुरू झाला, काम करणारा माणूस चहा पिऊन परत जागेवर आल्यासारखा.

डबा तसाच घरी गेला.

७

अहवालावर दोन सह्या लागत. बाईंनी कागद पूर्ण वाचला आणि पेन खाली ठेवलं.

"पहिल्या कापात तो वरंबा नव्हता, साहेब. मी पाहिलं होतं."

"कुठे आहे पहिला काप?"

बाईंनी कढईकडे पाहिलं. साहेबही तिकडे पाहून हसले, वर्गात चुकीचं उत्तर देणाऱ्या मुलाकडे पाहून मास्तर हसतो तसे. मग त्यांनी एकट्याने सही केली. दुसऱ्या सहीच्या जागी त्यांनी लिहिलं: सहायक परीक्षक अनुभवाने कमी. शिपायाने लिफाफा पिशवीत घातला आणि सायकल काढली. कोर्ट अर्ध्या तासाच्या अंतरावर होतं. बाई पाण्याचा पेला घेऊन बाहेर गेल्या.

आवाज थांबला.

आठ दिवस तो कपाटात चालू होता, आणि आता नव्हता. मध्येच थांबल्यासारखा नव्हे. काम पुरं झाल्यावर यंत्र बंद करतात तसा.

टूलचं पाकीट फुगलं होतं. साहेबांनी लाख फोडली. आधी कीस सांडला, मग टूल निघालं, मग त्यांचा चिमटा आणखी कशाला तरी लागला. त्यांनी ते बाहेर काढलं.

पाचर होती. चार बोटं लांब, नवी, उतारावर समांतर रेघा, डावीकडून तिसरा वरंबा. हातात ती गरम लागली, आत्ता यंत्रावरून उतरवल्यासारखी.

पाकिटांची अदलाबदल झाली, असं त्यांना आधी वाटलं. आपलीच चूक सापडल्याचा आनंद आयुष्यात पहिल्यांदा त्यांना झाला. त्यांनी वरच्या फळीवरचं पाकीट फोडलं. त्यातही पाचर होती. गार, कडांना धुराची काजळी धरलेली. मायक्रोस्कोपची गरजच नव्हती. दोन्ही शेजारी ठेवल्या आणि एकीच्या रेघा दुसरीत सरळ निघून गेल्या.

साहेबांना सगळं समजलं नाही, पण जेवढं समजलं ते पुरेसं होतं. यंत्रशाळेतला शेपर पोलिसांनी सील केलेला होता, शेपरवाला कोठडीत होता, आणि त्याच टूलने, त्याच टवक्याने पाचर कापली गेली होती. त्या माणसाच्या हाताशिवाय कापली गेली होती. ही गरम पाचर कोर्टापुढे ठेवली तर त्यांचा अहवाल फाडून टाकावा लागला असता. टेबलावर फोन होता. शिपाई अजून वाटेतच होता. बाहेर बाकावर शेपरवाल्याची बायको खोकत होती.

त्यांनी फोनकडे पाहिलं. फोनवर काय बोलायचं ते एकच वाक्य होतं. मला कळत नाही. एखाद्या कारकुनाला ते म्हणायचं, मग वकिलांसमोर म्हणायचं, आणि शेवटी त्या तेल घालणाऱ्या माणसासमोर.

त्यांनी चिमटा उचलला आणि गरम पाचर कढईत टाकली.

८

लोखंड शिशात बुडत नाही.

हे त्यांना माहीत होतं. शाळेतल्या पोरालाही माहीत असतं की शिसं जड. पण त्या क्षणी ते विसरले होते, आणि पाचर तळाला गेली नाही. ती शिशावर तरंगत राहिली, पाण्यावर पान तरंगावं तशी, रेघांची बाजू वर करून. शिसं तिला चिकटतसुद्धा नव्हतं.

त्यांनी लांब दांड्याची पळी घेतली आणि पाचर खाली दाबली. पळी काढली की ती वर आली. पुन्हा दाबली. पुन्हा वर आली. मग त्यांनी पळी काढलीच नाही, दाबूनच धरली आणि विचार करू लागले. गार होईपर्यंत धरायचं, शिशाच्या लादीत आत राहील, लादी मागच्या फळीवर ठेवून द्यायची.

मग पळी त्यांच्या हातात हलली.

आधी त्यांना वाटलं खालून पाचर ढकलते आहे. पण ढकलणं खालून येत नव्हतं. ते खांद्यातून येत होतं. त्यांचा उजवा हात सावकाश पुढे गेला, कढईच्या कडेपर्यंत, आणि झटक्यात मागे आला. पळीच्या कडेखाली पाचर खरवडली गेली. खर्र. खट. त्यांनी दुसऱ्या हाताने मनगट धरलं. हात दुसऱ्या हातालाही ओढत पुढे गेला.

पळीच्या कडेवर एक बारीक, निळसर गुंडाळी चढली आणि शिशावर पडली.

बाई रिकामा पेला घेऊन आत आल्या. काय वितळवताय, असं त्यांनी विचारलं. हात बसवायचा काप आहे, असं साहेबांनी सांगितलं. आवाज त्यांचा नेहमीचाच निघाला, तुसडा, वरून खाली येणारा, आणि त्यांना जरा बरं वाटलं. बाई जवळ आल्या. त्यांनी कढईत पाहिलं, तिथे जे तरंगत होतं ते पाहिलं. टेबलावरची काजळी धरलेली पाचर पाहिली. मग त्यांनी साहेबांच्या चेहऱ्याकडे न पाहता त्यांच्या कोपराकडे पाहिलं आणि एक पाऊल मागे घेतलं.

आज त्या नजरेमागे कोणीतरी होतं.

"साहेब," त्या म्हणाल्या, "मी कोर्टात फोन लावते. पहिल्या कापात वरंबा होता की नव्हता?"

साहेब हात थांबवायला बघत होते. पाय भिंतीला टेकवला, कोपर बरगडीला आवळून धरलं. कपाळावरचा घाम शिशावर पडून चर्र झाला. त्यांना म्हणायचं होतं की तुम्हाला काय कळतंय, जागेवर जाऊन बसा. खर्र. त्यांना वाटलं, खरं सांगितलं तर हात सुटेल.

"नव्हता," ते म्हणाले. आणि बाई नुसत्याच बघत राहिल्या तेव्हा ते मोठ्याने म्हणाले, "नव्हता. मी वितळवला. मला कळत नाही."

बाई फोनपाशी गेल्या. त्यांनी आकडे फिरवले, पलीकडे कोणीतरी उचललं आणि त्या सावकाश, स्पष्ट आवाजात बोलू लागल्या. मघाचा लिफाफा येईल तो उघडू नका, साहेबांनीच सांगितलंय. बाहेर बाकावरचा खोकला थांबला होता. ती ऐकत असणार.

साहेब वाट बघत होते. त्यांनी सांगून टाकलं होतं, मागे काही ठेवलं नव्हतं. आता हात थांबायला हरकत नव्हती.

हात पुढे गेला. पळीखाली पाचर झिजत होती, पण एका बाजूने ती अजून जाड होती. सावकाश पुढे, झटक्यात मागे. अजून बरंच कापायचं राहिलं होतं.